तळहाताएवढा रस्ता

"टायर झिजला, तोच पुन्हा घेतला, विषय संपला. यात तीन आठवडे काय शोधायचं असतं?" शंकेखोराचा पहिला प्रश्न हा होता आणि तो अगदीच गैर नव्हता. "माझ्या अ‍ॅक्टिव्हाचा पुढचा टायर ९०/९०-१२, मागचा ९०/१००-१०. दुकानात जाऊन आकडे सांगायचे, शेजारी चहा प्यायचा, परत येईपर्यंत टायर बसलेला असतो. कुठल्या कंपनीचा बसवला ते मला आजही बिल बघून सांगावं लागेल. तू एका चाकासाठी फ्लॅट बघितल्यासारखा हिंडतो आहेस."

"एकच चाक आहे म्हणून तर," हौशी म्हणाला. "काका, तुमच्या स्कूटरचं मागचं चाक घसरलं तर पुढचं असतं. हँडल असतं, पाय टेकवता येतो. माझ्याकडे यातलं काही नाही. मोटारीचं चाक चिखलात जागच्या जागी फिरलं तर मोटार पुढे जात नाही, एवढंच होतं. माझं चाक जागच्या जागी फिरलं तर मी तोंडावर पडतो. कारण मोटर मला उभं ठेवते ती रस्त्याला रेटा देऊन. रेटा द्यायला रस्ता हाताशी लागलाच नाही, तर ती बिचारी काय करणार? तुमच्या गाडीत पकड वेगळी आणि तोल वेगळा. माझ्याकडे ती एकच गोष्ट आहे, आणि ती टायरच्या हातात आहे."

हौशी पॅरिसमध्ये राहतो आणि रोज इलेक्ट्रिक युनिसायकलवर, म्हणजे विजेवरच्या एकचाकीवर, कामाला जातो. दोन पावलांच्या मधोमध एक चाक, दोन्ही बाजूंना दुमडता येणाऱ्या पायपट्ट्या, चाकाभोवतीच्या कवचात बॅटरी. सीट नाही, हँडल नाही, ब्रेकही वेगळा नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या शेन चेन या संशोधकाने 'सोलोव्हील' या नावाने ती २०११ च्या सुमारास बाजारात आणली. आता इनमोशन, किंगसाँग, बेगोडे अशा चिनी कंपन्यांचं तिथे राज्य आहे. लहान मुलं तळहातावर काठी उभी धरायचा खेळ खेळतात. काठी पुढे कलली की हात पुढे न्यायचा, मागे कलली की मागे. या वाहनाची मोटर अखंड तेच करत असते. माणूस पुढे कलला की चाक त्याच्या खाली पळवते, मागे कलला की आवरून धरते.

"मग तू माझीच बाजू मांडलीस," शंकेखोर म्हणाला. "इतकं सगळं टायरवर अवलंबून असेल, तर ज्याने यंत्र बनवलं त्याने विचार करूनच टायर लावला असेल ना? मोटर त्याची, प्रोग्रॅम त्याचा, टायर त्याचा. तिन्हींचं जमलेलं असणार. त्यातला एक तू बदलायचास आणि बाकीच्या दोघांनी निमूट जुळवून घ्यावं अशी अपेक्षा ठेवायचीस, याला मी हौस म्हणेन, निवड नाही म्हणणार."

"कंपनीने टायर लावला तेव्हा माझं वजन कुणी विचारलं नव्हतं. मी दगडी फरसबंदीवरून जातो की मातीच्या वाटेने, तेही नाही. एकाच टायरवर कुणीतरी कोरड्या डांबरावर चालवणार, कुणी जंगलात नेणार, कुणी पन्नास किलोचा, कुणी शंभरचा. सगळ्यांना थोडा थोडा चालेल असा टायर त्यांनी दिला. त्यात वावगं काही नाही, पण तो माझ्यासाठी निवडलेला आहे असं म्हणू नका. आणि काही मॉडेलं तर विकत घेतानाच विचारतात, रस्त्याचा टायर देऊ की बटन टायर? म्हणजे जमलेलं एकच उत्तर आहे असं बनवणारेही मानत नाहीत."

इथे मापांचा विषय निघाला आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली. मापांचा गोंधळ आहेच तसा. हौशीच्या यंत्राला सगळे अठरा इंची म्हणतात, कारण टायरवर १८×२.५ असं लिहिलेलं आहे. ही सायकलची पद्धत. तिच्यात पहिला आकडा टायरचा बाहेरचा व्यास सांगतो, तोही नावापुरता. स्कूटर-मोटरसायकलच्या पद्धतीत ८०/९०-१४ असं लिहितात: रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ७२ मिलिमीटर, आणि शेवटचे १४ इंच हे रिमचे. त्यामुळे अठरा इंची म्हणवणाऱ्या एकचाकीच्या रिमवर चौदा इंची स्कूटरचा टायर चढू शकतो, आणि नवखा माणूस अठरा इंची मोटरसायकलचा टायर मागवून डोक्याला हात लावून बसतो. सायकलवाल्यांना हे दुखणं जुनंच आहे. '२६ इंच' या एकाच नावाखाली ५५९ मिलिमीटरची रिम येते आणि ५९० ची सुद्धा, आणि एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. म्हणून जाणकार माणूस इंचांकडे बघत नाही. तो टायरच्या कडेला कोरलेली ६४-३५५ अशी मिलिमीटरची जोडी शोधतो आणि शिवाय रिमची रुंदी मोजतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो चिमटल्यासारखा उंच आणि गोल होतो, रुंद रिमवर तोच टायर पसरट होतो. म्हणजे टायरचा आकार दुकानात पूर्ण ठरतच नाही.

"ठीक, बसतो असं धरू," शंकेखोर म्हणाला. "आता तू जो पसंत केला आहेस तो काय आहे? ८०/९०-१४. हा टायर कुठल्या गाडीचा?"

"होंडा बीट, जुनी व्हारिओ. इंडोनेशियात या स्कूटर खंडीने आहेत. त्यांचा पुढचा टायर हाच असतो."

"पुढचा! म्हणजे जाकार्तातल्या स्कूटरचा पुढचा टायर. तिथे वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर पडतो, आणि रेटा देण्याचं काम तर पूर्ण मागच्याचंच. पुढचा टायर वळतो आणि ब्रेक झेलतो. तू त्याच्यावर सगळं वजन ठेवणार, सगळा रेटा त्याच्याकडून घेणार, सगळा ब्रेक त्याच्यावर मारणार. त्याच्या कडेला काय लिहिलंय?"

"४०पी."

"४० म्हणजे किती किलो?"

"१४०. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत."

"आता तुझा हिशेब सांग."

"मी ८२. हेल्मेट, जॅकेट, लॅपटॉपची बॅग धरून आणखी आठ. यंत्र २५ किलोचं. एकूण ११५."

"म्हणजे पंचवीस किलो शिल्लक. ठीक वाटतं. पण ते १४० किलो कधी? टायरमध्ये ठरलेली पूर्ण हवा असेल तेव्हा. तू पूर्ण हवा भरणार आहेस का? नाही. फरसबंदीवर दात वाजू नयेत म्हणून तू हवा कमी ठेवणार. हवा कमी केली की तो १४० चा आकडा तुझ्यासाठी नाही. कमी हवेचा टायर कडेला जास्त वाकतो, वाकण्याने तापतो, खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमला चिमटून दोन भोकं पडतात. आमच्याकडे पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो आणि शेजारी शेजारी दोन जागी बुडबुडे दिसले की न विचारता सांगतो, हवा कमी होती साहेब."

हौशीने हे मान्य केलं, पण लगेच उलट बाजूने आला. "तुमचा आक्षेप बरोबर आहे, पण तुम्ही तो करू शकलात कशामुळे? टायरवर ४० लिहिलेलं होतं म्हणून. माझ्या जुन्या टायरवर काय आहे? माप, आणि हवा किती पौंडांपर्यंत भरावी एवढंच. तो किती किलो पेलेल, किती वेगापर्यंत चालेल, काहीही नाही. सायकलच्या टायरांवर हे पूर्वापार नसायचंच, कारण सायकलवर माणूस घाम गाळून किती जोरात जाणार? युरोपात ताशी ४५ किलोमीटर जाणाऱ्या विजेच्या सायकली आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी मोटरसायकल-मोपेडच्या टायरांचा आर-७५ हा नियम लावावा लागला. म्हणजे एका हातात असा टायर आहे की ज्याची परीक्षा झाली आहे, पण दुसऱ्या विषयात. दुसऱ्या हातात असा की ज्याच्या परीक्षेचा कागदच माझ्यापाशी नाही. मी पहिला उचलतो. स्कूटरचा टायर खड्डे, ऊन, दोन माणसं आणि कधी कधी मागे बांधलेला सिलिंडर सहन करायला बनवलेला असतो. त्याच्या कडेला निर्मितीची तारीखही असते, चार आकडी. २२२३ म्हणजे २०२३ सालचा बाविसावा आठवडा. निदान आपण शिळा माल घेत नाही हे कळतं."

"कागद नाही म्हणजे परीक्षा झालीच नाही असं नव्हे."

"आणि दुसऱ्या विषयाची परीक्षा म्हणजे नापास असंही नव्हे."

या ठिकाणी दोघं बरोबरीत सुटले असं लिहिणं सोपं आहे. खरं तर शंकेखोराने बोट ठेवलं होतं ती जागा पुढे सारखी उघडी पडत राहिली. या वाहनाचा टायर पारखायला जे जे मोजमाप आहे, ते दुसऱ्या कुणाकडून तरी मागून आणलेलं आहे.

हौशीच्या मनात खरं तर वजन नव्हतंच, आकार होता. "सरळ जाण्यासाठी कुठलाही टायर चालतो," तो म्हणाला. "वळताना कळतं. स्टीलचं फुलपात्र जमिनीवर आडवं टाकून ढकललं तर ते सरळ जात नाही, गोल फिरतं. एक तोंड मोठं, एक लहान, म्हणून. टायर कलला की तो तसाच चालतो. कडेचा घेर मधल्या घेरापेक्षा लहान असतो, म्हणून चाक आपोआप कलाच्या बाजूला वळतं. टायरची पाठ बांगडीसारखी गोल असेल, तर कलण्याबरोबर वळणं सावकाश वाढत जातं. पाठ सपाट असेल, तर ते आधी कलायलाच तयार नसतं, आणि एकदा कड ओलांडली की एकदम पडल्यासारखं आत जातं. मला गोल पाठ हवी आहे. अरुंद आणि गोल. हँडल नसलेल्या वाहनाला वळण घ्यायला दुसरं आहे काय? कंबर, गुडघे आणि टायरची पाठ."

"आणि सपाट पाठीचा काहीच फायदा नाही?"

"आहे. सरळ रस्त्यावर ती शांत असते. वजनदार आणि रुंद टायर फिरायला लागला की भोवऱ्यासारखा आपली दिशा सोडत नाही. वेगात पाय थरथरायला लागतात, यंत्र डावी-उजवीकडे डुलायला लागतं, तेव्हा नवख्याला तो जडपणा आधार वाटतो. पण तोच जडपणा ब्रेक मारताना आडवा येतो, कारण फिरणारं वजन थांबवायलाही मोटरलाच ताकद लावावी लागते. शिवाय सपाट टायर रस्त्याचं सगळं ऐकतो. डांबराची खाच, गटाराच्या कडेचा उतार, ट्रामचा रूळ, सगळीकडे त्याच्या मागे जातो."

शंकेखोराला इथे एक जुना समज आठवला आणि त्याने तो पुढे केला: रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, जास्त रबर म्हणजे जास्त पकड. हौशीने त्यावर कागदावर एक भागाकार मांडला. ११५ किलो वजन आणि ३० पौंड हवा असेल, तर टायर रस्त्याला जितक्या जागेत टेकतो ती जागा ढोबळमानाने ५५ चौरस सेंटीमीटर येते. बोटं सोडून तळहात धरला, तर त्याहूनही थोडी कमी. टायर अरुंद असो की रुंद, हवा तीच असेल तर जागा जवळपास तेवढीच. फक्त अरुंद टायरची लांबट आणि रुंद टायरची आडवी. रुंद टायरचा फायदा असा की त्यात हवा कमी ठेवता येते, आणि मग जागा वाढते. पण ते श्रेय हवेचं आहे, रुंदीचं थेट नाही. (टायरच्या कडांचा ताठरपणा धरला तर हा भागाकार थोडा चुकतो. दोघांनाही ते माहीत होतं. पण तळहाताचं चित्र मनात बसलं की बसलं.)

"एवढ्याशा जागेवर तू उभा आहेस आणि मला म्हणतोस ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून जातो."

"जातो. म्हणून विचारतो आहे."

"मग बटन टायर घे. रस्ता खरवडून धरेल."

हौशी हसला. हा सल्ला त्याला बऱ्याच जणांनी दिला होता, आणि एकचाकीवाल्यांत केंडाच्या के-२६२ सारखे २.७५-१४ मापाचे बटन टायर खपतातही. "मातीत, गवतात, चिखलात त्याला तोड नाही. बटनं जमिनीत रुततात. पण डांबरात काही रुतत नाही. तिथे उलट दोन बटनांमधली जागा वाया जाते, रबर कमी टेकतं, आणि कलल्यावर उंच बटनं स्वतःच वाकतात, म्हणजे पायाखाली टायर वळवळतो. ओल्या रंगावर आणि गटाराच्या लोखंडी झाकणावर नक्षीपेक्षा रबर किती मऊ आहे यालाच महत्त्व असतं. टायरला खाचा पाडलेल्या असतात त्या पाणी बाहेर काढायला, असं मोटारीच्या बाबतीत आपण शिकलो. पण मोटारीचा टायर चपटा आणि रुंद असतो, पाण्यावर पाट तरंगावा तसा तो तरंगू शकतो. गोल अरुंद टायर पाणी होडीसारखं बाजूला सारतो. शेल्डन ब्राउन म्हणून अमेरिकेत सायकलींचे मोठे जाणकार होऊन गेले. डांबरावरच्या सायकलला नक्षीची गरज नाही, हे ते लोकांना समजावून समजावून थकले. नासामध्ये १९६० च्या दशकात टायर पाण्यावर कुठल्या वेगाला तरंगतो त्याचं एक सूत्र निघालं, त्यात फक्त हवेचा दाब लागतो. ३० पौंडांना ते ताशी सुमारे ९० किलोमीटर देतं. माझा आणि त्या वेगाचा संबंध नाही."

"नासा म्हणजे ते सूत्र कशाच्या टायरांवर काढलेलं?"

"विमानाच्या."

"वा. सल्ला सायकलवाल्याचा, सूत्र विमानाचं, टायर स्कूटरचा. तुझ्या वाहनाचं स्वतःचं असं काही आहे की नाही?"

हा टोमणा होता, पण हौशीने तो टोमणा म्हणून घेतला नाही. जरा थांबून तो म्हणाला, "मोटर आहे. आणि नेमकी तीच टायर बदलल्यावर फसते." मग त्याने जे सांगितलं ते त्याच्या स्वतःच्या बाजूच्या विरोधात जाणारं होतं, आणि त्यामुळे या बोलण्यातलं सर्वांत मोलाचं.

हिशेबाने १८×२.५ चा जुना टायर ४८३ मिलिमीटर व्यासाचा, ८०/९०-१४ चा ५००. फरक साडेतीन टक्के. यंत्र रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्यात आता साडेतीन टक्के जास्त रस्ता जातो, पण यंत्राला ते ठाऊक नाही. वेग ५० दाखवेल तेव्हा खरा असेल ५१.८. काही कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये हा आकडा दुरुस्त करता येतो. पण दुरुस्त न होणारी गोष्ट दुसरी आहे. मोटरचा पीळ तेवढाच राहतो आणि चाकाची त्रिज्या वाढते, म्हणजे रस्त्यावर मिळणारा रेटा त्याच प्रमाणात कमी होतो. चढावर जोरात कललं आणि मोटरकडे द्यायला शिल्लक ताकद उरली नाही, तर तोल सांभाळणारं कुणी राहत नाही. माणूस पुढे जातो, यंत्र मागे राहतं. अशा पडण्याला एकचाकीवाले फार घाबरतात, आणि त्यांनी घाबरायलाच हवं.

"साडेतीन टक्के म्हणजे फार नाही," हौशी म्हणाला, "पण ते नेमके काठावरचे साडेतीन टक्के आहेत."

"आणि कायद्याचं?" शंकेखोराने विचारलं. "तुमच्याकडे या वाहनांना वेगाची मर्यादा आहे म्हणालास."

"२०१९ पासून. २५. यंत्रच त्याहून जास्त वेगाने जाणारं नसावं असा नियम आहे."

"मग २५ ला बांधलेलं यंत्र नव्या टायरवर किती जाईल?"

हौशीने आकडा मनातच काढला होता. "२५.९."

"म्हणजे टायर बदलून तू यंत्राचा वेग वाढवलास. एका किलोमीटरनेही नाही, मान्य. कुणी पकडणार नाही, हेही मान्य. पण उद्या कुणाला धक्का लागला आणि विमा कंपनीने विचारलं की वाहनात काही बदल केला होता का, तर तू काय लिहिशील? त्यापेक्षा शेजारच्या जर्मनीचं बरं. २०१९ च्या त्यांच्या नियमात हँडल किंवा धरायचा दांडा असल्याशिवाय वाहन रस्त्यावर मान्यच नाही. तुमची एकचाकी बाहेर. टायरचा प्रश्नच मिटला!"

"बंदी घालून प्रश्न मिटवायचा असेल तर माझ्याकडे उत्तर नाही. पण जिथे परवानगी आहे तिथेही बघा, कुणी काय तपासतं? हॉव्हरबोर्डांना आगी लागल्या, त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकेत यूएल २२७२ हे मानक आलं. ते बॅटरी, वायरिंग, चार्जर यांच्यासाठी. आग लागू नये म्हणून. टायर फुटू नये म्हणून नाही. आणि तुम्ही म्हणता ते २५ चं बंधन पाळलं, तर टायरवरच्या पी या अक्षराचं, ताशी १५० चं, मला करायचं काय? वजनाचा ४० मात्र पंचवीसलाही तितकाच कामाचा. म्हणजे कायद्याने वेग धरून ठेवला आणि ज्याने टायर खरोखर फाटतो ते वजन आणि हवा सोडून दिली."

शंकेखोर यावर काही बोलला नाही. त्याने विषय बदलला, पण हार मानल्यासारखा नव्हे. "बसवणार कोण?"

"मीच."

एकचाकीत मोटर चाकाला जोडलेली नसते, मोटर हेच चाक असतं. रिम म्हणजे मोटरचं बाहेरचं फिरतं कवच. टायर काढायला आधी यंत्राची कवचं उघडायची, आसाच्या मधून गेलेली मोटरची जाड वायर सोडवायची, आसाचे नट ढिले करायचे, आणि मग जड चाक मांडीवर घेऊन लिव्हरने टायर उचकटायचा. रिमच्या आत मोटर भरलेली असल्याने व्हॉल्व्हला सरळ बाहेर यायला जागा नसते, म्हणून ट्यूबचा व्हॉल्व्ह वाकडा लागतो, आणि तो साध्या दुकानात सहज मिळत नाही. काही नव्या यंत्रांचे टायर ट्यूबलेस आहेत, तिथे वेगळी खटपट. शिवाय टायर आणि कवच यांच्यामध्ये किती जागा उरते ते मोजायचं, आणि बसवल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, कारण हवा भरल्यावर टायर ताणला जातो. फट फार कमी उरली तर एक खडा अडकला तरी चाक आवळलं जाईल. सगळं झाल्यावर टायरची कड रिमवर सगळीकडे सारखी बसली आहे का, हे चाक फिरवून कडेच्या रेघेवरून बघायचं. एका बाजूला ती बुडालेली असेल तर चाक प्रत्येक फेऱ्याला उसळी मारणार, आणि माणूस दोष देणार टायरच्या कंपनीला.

"हे सगळं तू करणार. म्हणजे टायरही तुझी निवड, बसवणारही तू, उसन्या मापांवर विश्वास ठेवणाराही तूच. काही चुकलं तर कुणाकडे बघायचं हेही ठरलं. आता मला एवढंच सांग, हा टायर चांगला आहे हे तुला कळलं कशावरून?"

"चालवणाऱ्यांच्या अनुभवावरून. शेकडो लोकांनी लावला आहे. जवळजवळ सगळे म्हणतात, वेगळंच यंत्र झाल्यासारखं वाटतं, लोण्यासारखं वळतं."

"त्यांनी आधीचा टायर कधी काढला?"

"झिजल्यावर."

"झिजलेला टायर कसा असतो?"

हौशी गप्प झाला. प्रश्न कुठे चालला आहे ते त्याच्या लक्षात आलं होतं.

"सरळ रस्त्यावर हजारो किलोमीटर गेलेला टायर मधोमध झिजून सपाट होतो," शंकेखोर म्हणाला. "गोटा होतो. तू मघाशी सपाट पाठीचे जे दोष सांगितलेस, ते झिजलेल्या टायरचेच दोष आहेत. तो काढून कुठलाही नवा, गोल पाठीचा टायर लावला, अगदी कंपनीचा तोच टायर नवा आणून लावला, तरी वेगळंच यंत्र झाल्यासारखं वाटणार! तुझे शेकडो लोक नव्या स्कूटर-टायरची तुलना जुन्या झिजलेल्या टायरशी करत आहेत. नव्याशी नव्याची तुलना कुणी केली आहे? आणि ज्याने तीन आठवडे शोधून, पैसे घालून, अर्धा दिवस हात काळे करून टायर बसवला, तो माणूस संध्याकाळी येऊन म्हणेल का, की काही फरक पडला नाही?"

"पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तर कुठलाही नवा टायर परका वाटतो," हौशी जरा वेळाने म्हणाला. "वरचा थर घासला जाईपर्यंत पकडही पूर्ण येत नाही. म्हणजे पहिल्या दिवसाचं मत तसंही धरू नये, चांगलं असो की वाईट. हे मला मान्य आहे. पण काका, तुमच्या कसोटीला उतरायचं म्हणजे मी आधी कंपनीचा नवा टायर बसवायचा, महिनाभर चालवायचा, मग यंत्र पुन्हा उघडून स्कूटरचा टायर बसवायचा. दोनदा वायर सोडवायची, दोनदा कड उचकटायची. तुलना शुद्ध होईल, पण यंत्र दोनदा उघडायचं म्हणजे काहीतरी बिघडायची शक्यताही दुप्पट. शिवाय दोन्ही महिन्यांत हवा, पाऊस, माझं वजन, माझा सराव सारखा राहायला हवा. आणि तरी ते एकट्या माझं मत. नव्वद किलोच्या माणसाला त्याचा उपयोग नाही."

"मग अनुभव काहीच सांगत नाही असं म्हणायचं?"

"नाही. उलट. या टायरची या वाहनावर परीक्षा झाली आहे ती फक्त आमच्या पायांखाली. बाकी सगळं तुम्ही म्हणालात तसं मागून आणलेलं. पाय फसतात, कबूल. पण आकडे फसत नाहीत म्हणून ते माझ्या वाहनाचे होत नाहीत. पोटरीला डुलणं कळतं ते कुठल्याही टायरच्या कडेला छापलेलं नाही."

"पोटरीला भीतीही कळते, आणि हौसही. तिन्हींची चव सारखीच लागते." एवढं बोलून शंकेखोराने जुन्या टायरचे फोटो मागितले.

हौशीने फोन पुढे केला. शंकेखोर बराच वेळ एकच फोटो मोठा करून बघत होता. मधला पट्टा पार गुळगुळीत, पाटीसारखा सपाट. पण दोन्ही कडांना नक्षी जशीच्या तशी, आणि साच्यातून निघताना राहतात ते रबराचे बारीक केससुद्धा अजून उभे.

"हे केस बघ," तो म्हणाला. "इतकी वर्षं चालवलंस आणि या कडा रस्त्याला एकदाही टेकल्या नाहीत. तू एवढं कलतच नाहीस. मग गोल पाठीचा टायर कुणासाठी घेतो आहेस?"

हौशीने फोन परत घेतला आणि तोच फोटो स्वतः पाहिला. "मी कलत नव्हतो म्हणून हा सपाट झाला," तो म्हणाला, "की हा सपाट होत गेला म्हणून मी कलणं सोडलं?"

शंकेखोराने पुन्हा हात पुढे केला. "पहिल्या वर्षीचा फोटो आहे का एखादा?"

हौशी फोटो मागे मागे सरकवत गेला. यंत्र नवं असतानाचे फोटो पुष्कळ होते. टायर मात्र एकाही फोटोत नीट दिसत नव्हता.